कावड धरायला माणूस

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. यंदा कोजागिरीला तुमची कावड मी नेली, सुरतेहून थेट सप्तशृंगीच्या गडावर, तापीचं पाणी घेऊन. आई म्हणाली, घरातली कावड कायमची बंद पडायला नको. मला नाही म्हणता आलं नाही.

चौथ्या दिवसाचं सांगायचंय. सकाळी उनाई सोडून वघईकडे निघालो. अनवाणी. डांबर भाजत होतं. कावड जमिनीला टेकवायची नाही, टेकली तर सगळं चालणं वाया, झाडाला बांधायची ती मुक्कामावरच, हे तुम्हीच शिकवलंत. पण लघवीला लागली तर ती कुणाकडे द्यायची, हे नाही सांगितलंत. तुम्हाला जोडीदार होता. तुम्ही नुसता खांदा पुढे करायचात, तो घ्यायचा. आमच्या कावडवाल्यांच्या टोळीत सगळे जोडीनं चालतात, मी एकटाच सुटा. कुणाला म्हणू, जरा धरा? उधन्याला कापडाच्या खात्यावर कामाला असतो तिथं बरं असतं, लूमच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. इथं सगळे बोलत चालतात. मग मी ठरवलं, दिवसभर पाणीच प्यायचं नाही. पण उनाईतून निघतानाच एका घरी चहा दिला होता, दोन कप, तिथंही नाही म्हणता आलं नाही.

चालताना तो काडेपेटीचा दिवस आठवतो. तुम्ही मला शेजारी पाठवलंत. मी दाराशी उभा राहिलो, आतली बाई फोडणी देत होती, मी तसाच परत आलो आणि म्हणालो, त्यांच्याकडे नाही. तुम्ही स्वतः गेलात, घेऊन आलात. स्टोव्ह पेटवताना म्हणालात, "तोंड काय नुसतं खायला दिलंय?" मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं.

दुपारी सागाच्या जंगलात चढ लागला. खांदा सोलला होता. पोट असं ताठलं की पाऊल टाकवेना. टोळी वळणापलीकडे गेली. मनात आलं, ठेवून द्यावी. कोण बघतंय? मी वाकलो. कळशी जमिनीपासून वीतभर राहिली होती.

"काय रे पोऱ्या, मुका शे का तू?"

मागून टोळीतला सगळ्यात म्हातारा आला. लंगडतो, म्हणून जोडीदाराच्याही मागे, कायम शेवटी असतो.

"सकायपाईन पाहस तुले. पानी पेस नई, बोलस नई."

मी सरळ झालो. "काका, जरा धरता का?"

"आते बोलना एकदाचा. आन इकडे. जा, जंगल मोठं शे, लाजू नको."

त्यानं माझी कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. एकावर त्याची होतीच. मी झाडीत गेलो. काम झालं, तरी उठलो नाही. सागाला टेकून बसलो. त्यानं दोनदा हाक मारली. ऐकू आली. तो लंगडा पाय घेऊन उन्हात उभा, आणि मी बसलेलो.

गडावर पाणी वाहताना तुमचं नाव घेतलं. आईला तेवढंच सांगितलं. तिला वाचता येत नाही, पण कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून हा कागद मी चुलीत घालणार आहे.

आबा, त्या झाडाखाली मला तुमची आठवण आली नाही. खांदा रिकामा होता, आणि खूप बरं वाटत होतं.