करवंदाची वाटी

२० एप्रिल
बाबल्याला पाव करणार म्हणून सांगितलं, आता पाव करावेच लागणार! सावर्ड्याला त्याच्या दुकानात यीस्ट मागितलं तर डोळे मोठे करून बघतो. "कशाला काकी?" पटकन तोंडातून गेलं - पाव करते. "तुम्ही? पाव?" म्हटलं, का, माझे हात काय मोडलेत? तर म्हणतो, "मग मला दोन आणा."
पुडी मिळाली पण. एकच होती. मागच्या गणपतीपासून त्याच्याकडे पडून होती म्हणे.

२१ एप्रिल
पाव केले. पाव कसले, चिरे! कुंपणाच्या गडग्याला लावले असते तर पुढची वीस वर्षं हलले नसते. बाबल्याला दोन नेऊन दिले. माझ्यासमोर खाल्ला बिचाऱ्याने. "चहात बुडवला की चालतो काकी." किती वेळ बुडवला ते मी विचारलं नाही.
यीस्ट निम्मं वाचवलंय. तेच तर पाहिजे होतं.

२२ एप्रिल
कशाला पाहिजे ते कोणाला बोलले नाही. इथे लिहिते.
पितृपक्षात ह्यांच्या म्हाळाला यंदा पानावर करवंदाची वाईन ठेवायची. माझ्या हातची.
गेल्या वर्षी ह्यांचा पहिला म्हाळ. महिपत भावोजींनी दुकानाची बाटली आणून पानावर वाटीत ओतली. वडे होते, खीर होती, काळ्या वाटाण्याची आमटी, विडी-काडीसुद्धा. कावळा पडवीच्या पत्र्यावर येऊन बसला. बघतोय. मान वाकडी करतोय. उतरत नाही! दोन वाजले. पोरांची पोटं ओरडायला लागली. भावोजी हात जोडून उभे, "काय राहिला असंल तर सांग बाबा!" शेवटी पान गाईला घातलं.
काय राहिलं ते मला ठाऊक होतं. दुकानाची ह्यांनी जन्मात तोंडाला लावली नाही. दर मे महिन्यात लोट्याहून कारखान्यातली पाळी संपवून आले की मागच्या पडवीत बरणी घेऊन बसायचे. मी लांबून चेष्टा करायची - आले शास्त्रज्ञ! त्या चेष्टेच्या नादात काय कसं घालतात ते बघितलंच नाही कधी. आता बोंबल.
ह्यांच्या हातची एकच बाटली राहिलीय. तांदळाच्या पिंपात, तळाला. माझी जमली नाही तर ती उघडावी लागणार. उघडली की संपली. मला ती उघडायची नाही.

२५ एप्रिल
चिमाकडून पाटीभर करवंदं घेतली. "एकटी एवढी खाणार? पोट धरून बसशील गो!" म्हटलं, किती दात राहिलेत ते मोजते. चिमा हसली. तिचे माझ्याहून कमी आहेत.
कुस्करली. चिकाने बोटं बोटांना चिकटली, खोबरेल लावून सोडवली. साखर, उकळून गार केलेलं पाणी, थोडा कोरा चहा - चहा घालताना ह्यांना एकदा बघितलं होतं, तेवढंच डोक्यात राहिलंय. वरून यीस्ट. लोणच्याची मोठी काचेची बरणी.
आता तोंडाला काय लावायचं? आतला वारा बाहेर आला पाहिजे, बाहेरचा आत जायला नको. ह्यांची एक रबरी नळी होती त्यासाठी. ती मीच फेकली. दिवाळीला साफसफाई करताना!
कशाला ते न सांगता सुजयला फोनवर विचारलं. मुंबईहून म्हणतो, "आई, फुगा लाव. बारीक भोक पाडून." बाबल्याकडे फुगे होते ते वाढदिवसाचे. चालेल.

२८ एप्रिल
सगुणाक्का विरजण मागायला आली आणि बरणीसमोर उभीच राहिली. थोरली जाऊ, त्यात बचत गटाची अध्यक्ष, त्यात दारूबंदीचा ठराव तिनेच मांडलेला - अख्ख्या वाडीत हीच यायची होती!
"हे काय गो?"
"कोकमाचं आगळ."
"आगळाला फुगा?"
"चिलटं बसतात अक्का."
"वर हॅपी बर्थडे लिहिलाय."
"माझा आहे आज."
"तुझा श्रावणात असतो!"
"तो मराठी. हा इंग्रजी."
विरजण घेऊन गेली. संध्याकाळी गुडघे धरत धरत अंगण ओलांडून वाटीभर शिरा घेऊन आली! "कितवा गो?" म्हटलं पंचावन्नावा. "मागल्या साली पण पंचावन्नच होतीस."
शिरा छान होता. मनाला लागलं जरा. खाल्ला सगळा.

४ मे
फुगा लोळतोय. रोज उठून बघते. कोंबड्याचा तुरा पडावा तसा एका बाजूला पडलाय.
आज उघडून चाखली. खारट!! समुद्र!
आठवलं मग. बरणी भरली, झाकायच्या आधी मूठभर खडेमीठ टाकलं. टाकलं हे सुद्धा कळलं नाही. चाळीस वर्षं आंबा, आवळा, कोकम - बरणी भरली की हात आपोआप मिठाच्या मडक्यात जातो. हाताला कोण सांगणार बाई, आज लोणचं नाही म्हणून?

५ मे
फेकायला जीव होईना. बांगडे मुरवले त्यात. अक्काकडे दोन पाठवले. तासाभरात हजर - "काय लावलंस गो बांगड्यांना? आंबटाला काय घातलंस?" म्हटलं, वाढदिवसाचं आगळ.

११ मे
बाबल्याकडे यीस्ट नाही. "पुढल्या महिन्यात काकी. पाव परत करताय काय?" घाबरूनच विचारलं त्याने. करवंदं पुढल्या महिन्यापर्यंत थांबतात काय?
सुजयला फोन केला. पापडखार पाठव म्हणणार होते. तोंडातून खरंच निघालं. मग म्हणाला, "बाबांची करतेस ना?" म्हटलं, बाबांची नाही, बाबांसाठी. "बघतो," म्हणाला. नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, मुंबईत सर्दी फार आहे वाटतं.

१६ मे
सुजयने लक्झरीच्या ड्रायव्हरकडे पुडी दिली. सकाळी सहाला हायवेला जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर काच खाली करून, "मावशी, पार्सल म्हणजे हे एवढंच?" केवढं ते, पाच ग्राम! मसाल्याच्या पुडीएवढं. पण खास वाईनचं आहे. मुंबईत दुकानं पालथी घालून मिळालं म्हणे.
तशीच चिमाकडे गेले. "हीच शेवटची. आभाळ बघ कसा आलाय. उद्यापासून किडे पडतील." पाटीच्या तळाची मिळाली, निम्मी कच्ची, लाल. निम्मी तर निम्मी.
बरणी भरताना मिठाचं मडकं शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. हातावर माझा विश्वास नाही.

१८ मे
फुगा उठला!!! ताठ उभा, हॅपी बर्थडे वाचता येतंय!

२४ मे
पाऊस कोसळतोय. बरणी बोलते. कान लावला की आत बारीक बुडबुड - हे जेवून आडवे झाले की असाच आवाज यायचा. तासभर बसले तिथे. भात करपला. चालतं.

१४ जून
फुगा फुटला. मोठ्ठा आवाज, मांजर माळ्यावर! अंगणापलीकडून अक्का ओरडली, "काय फुटला गो?" म्हटलं, वाढदिवस संपला.
धो धो पाऊस, सावर्ड्याला कोण जाणार फुग्यासाठी? बरणीला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला, लोणच्याला बांधतो तसा. घट्ट. उलट फुग्यापेक्षा शोभतो.

२२ जुलै
गाळली. दोन बाटल्या भरल्या. काय रंग! उजेडाला धरली तर पिकल्या करवंदाला आतून दिवा लावावा तशी.
चाखली नाही. पानावर जायची आहे, आधी उष्टी कशी करणार? जीव तळमळतो. बोटाला लागलं होतं ते सुद्धा पदराला पुसलं.

३० ऑगस्ट
गणपतीला सुजय आला, गौरी जेवल्या की निघणार. त्याला बाटली नुसती दाखवली. "वास तर घेऊ दे!" हात मारला हातावर. वास पण आधी ह्यांना.
अक्काला तालुक्याला दारूबंदीची ढाल मिळाली. देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय. मी म्हटलं, गुडघे तुमचे असे आणि मोर्चे काढता! म्हणते, "औषध हाय म्हणून चालतंय. संपत आलाय, जपून घेते." कसलं औषध, मला पण द्या, माझे पण दुखतात. "तुला नाय मानवणार."
स्वतःला फार शहाणी समजते.

१० सप्टेंबर
विसर्जनाला भिजले त्याची सर्दी अजून आहे. नाक चोंदलंय. काल आमटी करपली, वास मला आला नाही, खिडकीतल्या चिमणीला आला - ती उडाली तेव्हा कळलं.
परवा म्हाळ. ह्यांना जेवायला वाढताना कधी भीती वाटली नाही, आता वाटते!

१२ सप्टेंबर
म्हाळ झाला.
पान वाढायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे अक्काचा. माझ्या बाटलीतली वाटीत ओतून तिच्या हातात दिली. मनाचा हिय्या करून सांगूनच टाकलं - अक्का, करवंदाची आहे, ह्यांना आवडायची ती, मी केलीय.
वाटी नाकाजवळ नेली तिने. तोंड असं केलं, चिंच खाल्ल्यासारखं! मला वाटलं आता ठराव वाचून दाखवते. म्हटलं, अध्यक्षीणबाई, आजच्या दिवस ढालीकडे पाठ करा.
वाटी उजेडाला धरली तिने. मग म्हणाली, "वाटीला चीर हाय गो. गळंल. थांब, माझी आणते." आणि वाटी घेऊन गेली की तिच्या घरी! ह्या गुडघ्यांनी! मी ओरडले, अक्का, इथे काय वाट्या कमी आहेत? भावोजी चिडले, "कावळे जातील निघून!"
आली. पितळेची वाटी, वर हळदीचं पान झाकलेलं. पानाच्या उजव्या अंगाला ठेवली, पदर नीट केला, पुटपुटली काहीतरी.
आम्ही मागे सरतोय तोवर - झप्! पत्र्यावरून थेट खाली. वडा नाही, खीर नाही. आधी वाटीत चोच!
भावोजींचे डोळे भरले. "गंग्या! अरे गंग्या!" एवढंच, ह्यांच्या नावाने. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. नाक आधीच वाहत होतं, कोणाला कळलं नाही ते बरं झालं.
अक्का म्हणाली, "जमली हो तुला."

१३ सप्टेंबर
दुपारी दोन तास झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोपले नाही. ह्यांची बाटली पिंपात आहे तशीच आहे. मीच केली की! शास्त्रज्ञ!

१६ सप्टेंबर
नाक उघडलं. सकाळी स्वयंपाकघरात आले तर कसला आंबट भपका! शोधत शोधत माझ्याच बाटलीशी. म्हाळ झाला आहे, आता चाखायला हरकत नाही. एक घोट घेतला.
शिरका! दात आंबले!
दुसरी उघडली. शिरका.
मग वाटीत काय होतं?

संध्याकाळ
पितळेची वाटी परत द्यायच्या निमित्ताने गेले. अक्का गटाच्या बैठकीला. मागच्या पडवीत कठड्यावर एक बाटली धुऊन उलटी घातलेली. कागद भिजून सुटत आलेला, अक्षर ह्यांचं - "सगुणा वयनी. गुडघ्यांसाठी. रोज दोन चमचे."
थेंबसुद्धा ठेवला नव्हता तिने.
घरी आले. तांदूळ उपसले, ह्यांची बाटली काढली. पदराने पुसली. दोन पेले घेतलेत, आणि एक चमचा - अध्यक्षीणबाईंची अब्रू राहायला नको? बैठक सुटली, तिची काठी वाजतेय अंगणात. चालले.