पहिल्या दिवशी ती काय म्हणाली

मी, ज्याला हा सगळा रस्ता फोटोवाला म्हणून ओळखतो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती तपासून तसा दाखला दिला आहे. स्मरणशक्ती ठणठणीत आहे, हीच खरी अडचण आहे. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःबद्दल जरा जास्तच चांगलं लिहिलं होतं.

कलम एक. वरच्या राहत्या दोन खोल्या आणि खालचा स्टुडिओ, मागच्या अंधाऱ्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावा. चाळीस वर्षांपूर्वी, ती चार वर्षांची असताना, मी आणि माझ्या दिवंगत पत्नीने तिला समुद्रापलीकडच्या देशातून दत्तक घेतलं. आम्ही दोघं गोरे, ती काळी. यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात रंग कशाला?" मी म्हटलं, चाळीस वर्षं आम्ही घरात तो विषय काढला नाही, आता मरताना तरी काढू द्या. मुलीने जागा विकली तरी कुणी नाक मुरडू नये.

कलम दोन. माझ्या धाकट्या भावाला स्टुडिओतली प्रकाशाची पांढरी छत्री द्यावी, बाकी काहीही देऊ नये. मुलगी घरी आली त्या आठवड्यात तो जेवता जेवता म्हणाला होता, "दादा, हिला उन्हात विसरून आलास की काय?" त्याला उन्हाची एवढी काळजी, म्हणून छत्री. हे कलम जुन्या मृत्युपत्रातही होतं आणि ते लिहून मी स्वतःवर खूश होतो. आता त्याला एक वाक्य जोडतो. त्या दिवशी सगळे हसले, त्यात मीही होतो.

कलम तीन. लोखंडी कपाटातल्या सगळ्या निगेटिव्ह मुलीच्या. आमच्या धंद्यात निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवतात. जिथे पेन्सिल फिरते, तिथे फोटो उजळ छापला जातो. मुरमं आणि सुरकुत्या घालवायची ही युक्ती. मी ती माझ्या मुलीच्या अख्ख्या चेहऱ्यावर वापरली, पाचव्या वाढदिवसापासून शाळा संपेपर्यंत. लोकांच्या नजरेपासून तिला वाचवतोय, अशी माझी समजूत. बारा वर्षांची असताना तिने एक फोटो आरशाला टेकवून धरला आणि विचारलं, "बाबा, ही कोण?" मी म्हणालो, "लाइटचा खेळ आहे गं." टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल निघते, खालचा चेहरा शाबूत आहे. मागच्या महिन्यात मी बोळा घेऊन बसलोही होतो, मग थांबलो. तिला न विचारता तिच्या चेहऱ्याला आणखी एकदा हात लावायला नको. पुसायचं की नाही ते ती ठरवेल.

कलम चार. लाकडी तिपाई शेजारच्या घड्याळजीला द्यायची होती. पण तो साक्षीदार व्हायला कबूल झाला, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये असं वकीलबाई सांगतात. ते ऐकून बिचाऱ्याचा चेहरा पडला. तिपाई त्याच्या सुनेला द्यावी. याच नियमामुळे माझ्या मुलीची सही या कागदावर नाही. तिच्याबद्दलच्या आणखी एका कागदावर ती नाही, याचं मला वाईट वाटतं.

कलम पाच. ज्या इथल्या संस्थेमार्फत आम्ही मुलगी आणली, तिथे मी सतरा वर्षं दर महिन्याला भाषण केलं. समोर मूल घ्यायला आलेली जोडपी असायची आणि पहिल्या रांगेत माझी मुलगी, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये. तिला वेगळं वाटतं का, शाळेत चिडवतात का, हे सगळं लोक मला विचारायचे आणि मी धडाधड उत्तरं द्यायचो. एकदाच एका बाईंनी थेट तिला विचारलं, "तुला कसं वाटतं गं इथे?" ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ती उभी राहिली, तिने तोंड उघडलं, आणि मी माइकवरून म्हणालो, "तिला काही वाटत नाही, ती आमच्यातलीच आहे." टाळ्या पडल्या. ती खाली बसली. पुढच्या महिन्यापासून ती आली नाही, मी तिचा फोटो घेऊन जात राहिलो.

त्या भाषणांच्या कॅसेट संस्थेकडे आहेत. मुलीच्या लेखी परवानगीशिवाय त्या कुणालाही ऐकवू नयेत, कारण त्यांची सुरुवातच खोटी आहे. मी सांगायचो, विमानतळावर तिने मला पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिलाच शब्द निघाला, "बाबा". लोक डोळे पुसायचे. मुलगीही तेच ऐकत वाढली आणि खरं मानत आली.

खरं असं की ती रडत होती. घरी आणल्यावरही दाराकडे बघून एकच शब्द, पुन्हा पुन्हा, तीन दिवस. तो "बाबा" नव्हता, त्याच्या जवळपासचाही नव्हता. संस्थेत तिची भाषा येणाऱ्या एक बाई होत्या. एका फोनचं काम होतं. मी केला नाही. अर्थ कळला तर तिला परत द्यावी लागेल, अशी भीती वाटली. चौथ्या दिवशी ती गप्प झाली. बायको म्हणाली, "रुळली हो." मी मान डोलावली.

कलम सहा. इथपर्यंतचा मसुदा मी गेल्या रविवारी मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती दूरच्या शहरात पुलांची तपासणी करते. महिन्यातून एकदा फोन करते, तब्येत विचारते आणि ठेवते.  ऐकून ती म्हणाली, "बाबा, यातही तुम्हीच बोलताय."

"मग काय लिहू?"

"लिहू नका. त्या बाईंनी विचारलं होतं ना, ते विचारा."

मी विचारलं. तीस वर्षं उशिरा विचारलं. ती जवळजवळ दोन तास बोलली. एकदा "अगं, पण" माझ्या तोंडाशी आलं, ते मी गिळलं. ती काय म्हणाली ते या कागदात नाही. ते माझ्या मालकीचं नाही, म्हणून मला ते कुणाच्या नावावर करता येत नाही.

शेवटी तिने विचारलं, "तो शब्द आठवतो तुम्हाला?"

आठवत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तो उच्चारला, जसा ऐकला होता तसा.  मग तिने तो म्हटला, हळू आवाजात, माझ्यापेक्षा नीट.

"अर्थ मी शोधेन," ती म्हणाली. "तुम्ही शोधू नका."

"बरं," मी म्हणालो.

तो शब्द या कागदात कुठेही लिहिलेला नाही. तो मी मुलीला जिवंतपणीच परत केला आहे, सबब वाटपात धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

सही : फोटोवाला

साक्षीदार :
१. शेजारचा घड्याळजी (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण (सही)

ठिकाण : स्टुडिओ, मागची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर, मंगळवार