बरणी धुतल्याबद्दल

तीर्थस्वरूप वहिनींना,

नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायला हवा, पण पत्रातला साष्टांग फार स्वस्तात पडतो, म्हणून तो प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवला आहे (तुम्ही दारात उभं करणार असाल तर). गुडघा कसा आहे? पोस्टातल्या काउंटरची ती उंच खुर्ची बदलून मिळाली का? इकडे आम्ही ठीक, म्हणजे बायको ठीक आहे आणि मी तिच्या समोर फारसा येत नाही. यंदा सुट्टीत आमच्याकडे येणार नाही, रजा मिळत नाही, असं तुम्ही तिला फोनवर सांगितलंत. दादा गेला त्या वर्षीसुद्धा तुमचं येणं चुकलं नव्हतं, तेव्हा ही रजेची अडचण खरी नाही, एवढं माझ्यासारख्यालाही कळतं. अडचण मी आहे. त्याबद्दलच हे पत्र, आणि ते लिहिताना इतकी लाज वाटतेय की मध्येच उठून दुकानातल्या पुसलेल्या काचा पुन्हा पुसून आलो.

आधी माझ्या कॉफीच्या वेडाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं सगळं दुष्टपणाने केलं असं वाटेल. मुलांनी वाढदिवसाला मला बिया दळायचं छोटं यंत्र दिलं आणि तिथून मी बिघडलो. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेलेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि ही स्पष्ट की ही, असं विचारत राहायचं. तेच मी घरी सुरू केलं. सकाळी बायकोपुढे दोन कप. ही बरी की ही? (एकीत उकळल्यावर जरा थांबवलेलं पाणी, दुसरीत लगेच ओतलेलं, एवढाच फरक.) सुरुवातीला ती बिचारी विचार करून उत्तर द्यायची. नंतर न पिताच ‘दुसरी’ म्हणायला लागली. हल्ली ती सकाळी शेजारच्या शिंपीणबाईंकडे जाते. मला वाटायचं काहीतरी शिवायला टाकलं असेल, पण इतके महिने झाले, अंगावर नवा कपडा काही दिसेना. ती तिथे चहा पिते. मी आपला कॉफी जपण्यात गुंतलेलो: बिया अख्ख्या ठेवायच्या, लागतील तेवढ्याच दळायच्या, डबा हवाबंद, ऊन नको, ओल नको, शेगडीची धग नको, फ्रिज तर मुळीच नको. पाहुणे आले की आधी डबा दाखवायचा, मग कॉफी. पुढे पाहुणे कमी झाले, तर तेवढ्याच बिया वाचल्या असं मी म्हणालो.

अशा अवस्थेत मी फ्रेमांच्या प्रदर्शनासाठी तुमच्या गावी आलो आणि तुमच्याकडे उतरलो. पहिल्या संध्याकाळी तुम्ही पाकिटातली झटपट विरघळणारी कॉफी दिलीत. मी ती प्यायलो, पण कसल्या तोंडाने प्यायलो ते तुम्ही पाहिलंत, हे आता आठवतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात, मला निघायला वेळ होता, म्हणून मी तुमचं स्वयंपाकघरातलं कपाट लावायला घेतलं. (मला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य बायकोच्या आग्रहावरून घातलं आहे.) पिठाच्या डब्यामागे, अगदी कोपऱ्यात, ती काचेची बरणी सापडली. झाकणाला रबर, वर तारेची पकड. अशी बरणी मिळावी म्हणून मी किती दुकानं पालथी घातली आहेत! आणि तिच्यात काय, तर तळाशी वाटीभर जुनाट पूड. मी झाकण उघडून नाक आत घातलं. चारचौघांत मी ज्या नाकाची फुशारकी मारतो, तेच हे नाक. जरासं जळकं, बाकी काही नाही, ही पूड मेलेली आहे, असा निकाल देऊन मी ती खिडकीतल्या कुंड्यांना घातली (झाडांना बरी असते म्हणे, तेवढंच पुण्य). बरणी साबणाने धुतली. मन भरेना म्हणून कढत पाण्याने परत धुतली. उन्हात वाळवली, बॅगेतल्या माझ्या उत्तम बिया तिच्यात भरल्या आणि पुढच्या फळीवर, दिसेल अशी ठेवली.

तुम्ही घरी आलात, बरणी पाहिलीत आणि पर्स हातातच धरून जरा वेळ उभ्या राहिलात. मला वाटलं, भारावल्या. मी लगेच प्रवचन लावलं. हवा ही कॉफीची वैरीण कशी, दळलेली पूड किती लवकर मरते, लोक भावनेपोटी जुनं साठवतात आणि शिळं पीत बसतात, वगैरे. (भावनेपोटी हा शब्द मी खरोखर वापरला. तो आठवला की अजून कान तापतात.) मग मी तुम्हाला कॉफी करून दिली. ती तुम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात, “छान झालीय हो भावोजी,” म्हणालात, आणि उठून कपसुद्धा विसळलात.

मी परत आल्यावर तुमच्या लेकीचा फोन आला. आईच्या बरणीतली पूड कुठे काढून ठेवलीत, एवढंच तिने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, कुंड्यांना घातली. ती ‘बरं’ म्हणून फोन ठेवायला लागली, तेव्हा मी विचारलं, का गं, काय झालं? मग तिने सांगितलं. (काकांना कळू देऊ नकोस असं तुम्ही बजावलं होतंत. तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं.) दादाने शेवटच्या रविवारी दळलेली पूड होती ती. आठवड्याची कॉफी तो रविवारी दळून ठेवायचा, आणि तो आठवडा त्याला पुरता मिळाला नाही. तेव्हापासून दर रविवारी तुम्ही झाकण उघडायचात, वास घ्यायचात आणि लावून टाकायचात. ती प्यायची नव्हतीच. कॉफी कशी टिकवावी हे जगाला शिकवत फिरणाऱ्या माणसाने ती धुऊन टाकली. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्या सख्ख्या भावाची कॉफी नाकाखाली होती आणि मला ती ओळखू आली नाही, वहिनी.

मग मी ती पुन्हा करायला निघालो. दादाची रीत आपल्याला ठाऊक आहे. दुकानदार बिया कच्च्या ठेवतो या ठाम समजुतीने तो भाजलेल्या बिया पुन्हा तव्यावर भाजायचा, आणि भाजता भाजता तुम्हाला मोठ्याने पेपर वाचून दाखवायचा, त्यामुळे त्या हमखास करपायच्या. मी तवा ठेवला, पण माझा मेला हात नेमक्या वेळी बिया उतरवून घ्यायचा. शेवटी मीही बायकोला पेपर वाचून दाखवायला लागलो. पहिल्या पानावर काही करपेना. अग्रलेखाला मात्र एवढा धूर झाला, की वरच्या मजल्यावरचे कुलूपवाले बादली घेऊन धावत आले आणि मला पेपरसकट भिजवून गेले. वाचलेल्या बिया दळल्या आणि सवयीप्रमाणे दोन वाट्या (एक कमी करपलेली, एक जास्त) बायकोपुढे धरल्या. तिने दोन्हींचा वास घेतला आणि म्हणाली, “जवळपास आहे. पण यात दादा नाहीत हो.” मग डोळे पुसत आत गेली. धुरामुळे का, ते मी विचारलं नाही.

तेव्हा ती पूड मी पाठवत नाही. गुपचूप बरणीत भरून ठेवावी असंही एकदा मनात आलं होतं, तेही सांगून टाकतो. तुम्हाला झाकण उघडताच कळलं असतं, आणि तुम्ही पुन्हा छान म्हणाल्या असतात. झालं ते भरून येणारं नाही. माफी मागतो. नीट कशी मागायची ते येत नाही, म्हणून नुसतीच मागतो.

तुमचा अपराधी,
धाकटा दीर

ता. क. बरणीतल्या माझ्या बिया लवकर संपवा, दळून ठेवू नका, आणि तुमचं ते कपाट शेगडीच्या फार जवळ आहे, तेव्हा... बघा, अजून सुटत नाही. फेकून दिल्यात तरी चालतील.

ता. क. दुसरी. खरं मागणं हे, की सुट्टीत या. यंत्र, तराजू, बारीक तोटीची किटली, सगळं माळ्यावर टाकलं आहे. (शिडी बायकोने धरली, फार उत्साहाने.) घरात चहा मिळेल, आणि एकच कप मिळेल.

ता. क. शेवटची. रजा खरंच नसेल, तर निदान फोन करून मला झापा. दादा झापायचा तेव्हा आधी पूर्ण नावाने हाक मारायचा, मग खिडक्या हादरायच्या, आणि जेवायला बसेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. तुम्ही छान म्हणालात, ते अजून संपलेलं नाही. बायको म्हणतेय फोन स्पीकरवर ठेवा, तिलाही ऐकायचंय. ठेवीन. पण करा. तो गेल्यापासून मला आपला समजून झापेल असं माणूस तुमच्याखेरीज उरलेलं नाही.