विमानातला झावळीचा क्रूस

नंदाखाल,
मे महिना, दुपार (ऊन फार)

प्रिय आग्नेसबाय हिला धाकटा भाऊ सॅन्टन याचा सप्रेम नमस्कार, आणि येशूची कृपा तुझ्यावर व विशेषतः तुझ्या गुडघ्यांवर सदैव राहो.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तसे आम्ही नाही. रोझमेरीची साखर आटोक्यात आहे, केळींना पाणी आहे, माझा खोकलाही गेला, पण मला जो धक्का बसला आहे तो अजून उतरत नाही. तू मौन-साधनेला बसली आहेस आणि तुझा फोन मदर सुपिरिअरच्या कपाटात आहे हे मला ठाऊक आहे. पण मौनात बोलायला बंदी असते, वाचायला नसते, असं मी आपल्या फादरांना विचारून घेतलंय. (फादर म्हणाले, पत्र महत्त्वाचं असेल तर. महत्त्वाचं आहे. का ते ओघाने येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना? हे विचारण्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे असं समज.

तुला माहीतच आहे की आपली डायना विमानतळावर विमानदुरुस्तीच्या कंपनीत आहे. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, माझ्यासारखीच गॅरेजात आहे, मी पंप खोलतो, ती विमान खोलते. आता मात्र तिला सहीचा अधिकार मिळाला. सहीचा अधिकार म्हणजे, दुरुस्ती झाली आणि हे विमान उडायला योग्य आहे असं लिहून खाली तिने सही करायची; ती सही होत नाही तोवर मालक बॅग घेऊन आत बसला असला तरी विमान जागचं हलायचं नाही. यासाठी पोरीने किती परीक्षा दिल्या आणि तू किती मेणबत्त्या लावल्यास ते तुलाच ठाऊक. तिच्या सहीने सुटणारं पहिलं विमान (छोटं, आठ-दहा माणसांचं, पण देखणं) तयार होत आलं होतं आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीने घरच्या लोकांना बोलावून काम दाखवायचा दिवस ठेवला. मी ऑस्टिनच्या लग्नातला कोट काढला, माणिकपूरहून नवे बूट आणले (ते अजून चावतात), आणि रोझमेरीला घेऊन निघालो.

आत गेल्यावर पहिला धक्का भिंतीकडे बघून बसला. तिथे मोठा फळा आहे आणि त्यावर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली आहे. प्रत्येक पाना त्याच्या स्वतःच्याच आकृतीवर टांगायचा. एखादी आकृती रिकामी असली तर तो पाना कुणाच्या हातात आहे हे सांगता आलं पाहिजे, आणि नाही आलं तर तो सापडेपर्यंत विमान सुटत नाही. माझ्या वर्कशॉपात दहा नंबरचा पाना कुठे असतो असं तू विचारलंस तर मी प्रामाणिकपणे सांगेन की देवाला ठाऊक, आणि तरी आगाशीपासून निर्मळपर्यंतचे पंप चालू आहेत. मग त्यांनी नट किती आवळला ते मोजणारा पाना दाखवला. ठीक आहे म्हटलं. पण तो बरोबर मोजतो की नाही हे बघायला तो ठराविक मुदतीने बाहेर तपासायला पाठवतात, आणि ज्या यंत्रावर तपासतात ते यंत्रसुद्धा दुसरं कुणीतरी तपासतं. मी डायनाला विचारलं, मग शेवटी थांबता कुठे? ती म्हणाली, थांबत नाही. (धर्मशिक्षणाच्या वर्गात देवाला कुणी निर्माण केलं असं विचारल्याबद्दल मला बाकावर उभं केलं होतं. तिथे हाच प्रश्न पगार देऊन सोडवतात.)

पुढचं ऐक. नवाकोरा सुटा भाग खोक्यातून काढला तरी त्याच्याबरोबर त्याचा जन्मदाखला लागतो. दाखला नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, त्याला कुलपात कोंडतात. आणि जो भाग बाद झाला तो भंगारात देण्याआधी करवतीने कापून ठेवतात, उगाच कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. आग्नेस, इथे मात्र मला खुर्ची मागावी लागली. असलं सणसणीत पोलाद, आपल्या वाडीत दोन पिढ्या चाललं असतं, आणि त्याचे मुद्दाम तुकडे. आपण केळीचा सोपट सुकवून दोरी करणारी माणसं, आपल्याला हे बघवेल कसं? शिवाय एकाने काम करायचं आणि महत्त्वाचं काम असेल तर दुसऱ्याने ते नव्याने तपासायचं, हाही सरकारी नियम. म्हणजे माझ्यासारख्या जुन्या मिस्त्रीच्या मागे उभं राहून कुणी पोर म्हणणार, अंकल, सरका, बघू द्या. माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर त्याला पंपासकट विहिरीत सोडला असता.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे रिक्षा घेतली तरी फादरांना बोलावून पवित्र पाणी शिंपडतात, आरशाला रोझरी लावतात, आणि माझ्या लेकीच्या सहीचं पहिलं विमान तसंच कोरडं उडणार हे मला पटेना. म्हणून ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तू झावळीच्या पातीचा विणून पाठवलेला क्रूस मी कोटाच्या आतल्या खिशात घातला होता. दारावर सगळ्या वस्तू काढून घेतात. किल्ल्या, पेन, सुटे पैसे, रोझमेरीच्या बांगड्यासुद्धा एका ट्रेमध्ये गेल्या. दारावरचा पीटर आपल्या निर्मळकडचाच निघाला. त्याने क्रूस पाहिला, कपाळाला लावला आणि म्हणाला, हा असू द्या अंकल, देवाची वस्तू आहे. (बिचाऱ्याला हे वाक्य पुढे फार जड गेलं.) डायना आईला विमानाच्या खिडक्या दाखवत होती तेवढ्यात मी चाकापाशी वाकलो. उडाल्यावर चाकं ज्या पोकळीत जाऊन बसतात तिथे वायरींचं जुडगं आहे. त्याच्या मागे क्रूस खोचला, एक नमो मरिया म्हटली आणि कोट झटकून उभा राहिलो. त्या क्षणी माझ्याइतका सुखी बाप वसई तालुक्यात नव्हता.

बाहेर पडताना ट्रे परत मिळाला आणि रोझमेरीने विचारलं, क्रूस कुठाय? मी अभिमानाने सांगितलं, जिथे हवा तिथे आहे. डायना वळली. तिचा चेहरा असा उतरला की तिला भोवळ येतेय असं मला वाटलं. मी म्हटलं, अगं, झावळीची पात आहे, पहार नाही. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, चाकं आत जाताना तिथलं सगळं हलतं," आणि मागे पळाली.

मला वाटलं, जाईल, काढेल, पर्समध्ये टाकेल, संपलं. कुणी पाहिलंही नव्हतं. पण पोरगी विमानाकडे गेलीच नाही. ती तडक रचना मॅडमकडे गेली (या तिथे कामाच्या दर्जावर लक्ष ठेवतात, नायगावच्या टॉवरमध्ये राहतात, बोलायला अगदी मऊ) आणि तिने सांगितलं की माझ्याबरोबर आलेल्या माझ्या वडिलांनी विमानात वस्तू ठेवली आहे, लक्ष ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. स्वतःहून, आग्नेस. पोटच्या पोरीने, कुणी विचारलं नसताना. विमानाला लाल चिठ्ठी लागली, त्याच्या पोटाच्या पत्र्याच्या फळ्या उघडल्या, डॉक्टर पोटात घालतात तसली कॅमेऱ्याची नळी आली. क्रूस मी खोचला त्या जागेवरून घसरून पार खाली गेला होता. मिळाला एकदाचा. पण त्याच्या एका हाताचं टोक नव्हतं. बोटाच्या पेराएवढं असेल. तुकडा आत तुटून पडलाय, की मुळात नव्हताच, हे कळेपर्यंत विमान उभं, आणि चौकशी संपेपर्यंत डायनाची सही बंद.

मग मला ऑफिसात बोलावलं. मी कोटाची बटणं लावून शिव्या खायला तयार बसलो, तर चहा आला. आणि त्यांनी मला विचारलं काय? दारावर फलक दिसला का, मराठीत होता का, खिसे तपासले का, चाकाजवळ कुणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली होती का. चूक कुणाची हा प्रश्न शेवटपर्यंत आलाच नाही. मीच मग सांगितलं, चूक माझी. तर मॅडम म्हणाल्या, ते माहीत आहे काका, पण तुम्हाला ती करता कशी आली ते आम्हाला शोधायचंय. मला सगळ्यात मोठा धक्का हा बसला. गेल्या सणाला बँडवाले आले नाहीत तेव्हा गुन्हेगार कोण हे आपल्या गावाला संध्याकाळच्या आत ठाऊक होतं. बँड का आला नाही ते अजून कुणाला ठाऊक नाही. पीटरलाही कुणी काढलं नाही. फलकावर आता 'धार्मिक वस्तूसुद्धा' अशी एक ओळ वाढली आहे. ती माझी कमाई.

घरी आल्यावर श्रीपतला सगळं सांगितलं. (खाडीकाठचा श्रीपत, ज्याचा पंप मी जोडला की नेहमी एक-दोन नट उरतात.) मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "सॅन्टनभाऊ, तुजे नट उरले तरी माजा पंप पानी देतो. पन बंद पडला तं मी बांधावरच उभा असतो ना." त्यावर मला जेवण गेलं नाही. डायना घरात कुणावर रागावलेली नाही, त्याचाच त्रास होतो. सकाळी डबा घेऊन जाते, तिथे दुसऱ्याच्या हाताखाली फळ्या पुसते, आणि येताना माझ्या खोकल्याचं औषध आणते. खोकला गेलाय हे तिला सांगायचं धाडस मला होत नाही.

असो. गुडघ्यांना जप. रोझमेरीचा नमस्कार. मदर सुपिरिअर व सर्व सिस्टरांना आदरपूर्वक स्मरण.

तुझा भाऊ,
सॅन्टन

ता.क. एक छोटंसं काम. ~~क्रूस विणतानाच त्याचं टोक तू कापलं होतंस, असं एका कागदावर लिहून सही करून पाठव. कापलं नसलं तरी लिही. विमान सुटेल, पोरीची सही सुटेल, आणि एवढीशी पात काय करणार आहे? देवाला मी समजावतो.~~ सॅन्टन

ता.क. २. काम एकाने केलं की दुसऱ्याने तपासावं म्हणून (आणि पाकीट सापडत नव्हतं म्हणून) पत्र डायनाच्या हाती लागलं. तिने वरची ओळ वाचली. ओरडली नाही. म्हणाली, "पप्पा, त्या विमानात आत्या बसलीय असं समजा, आणि मग लिहा." मी कागद फाडायला निघालो तर तिने तोही फाडू दिला नाही. त्यांच्याकडे चुकीचं लिहिलेलं गिरवून काळं करत नाहीत. आधी काय होतं ते वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि सही करायची. तशी मारली आहे. तेव्हा तुझा भाऊ काय मागत होता ते तुला नीट वाचता येईल, त्याला माझा इलाज नाही.

तर आता जे खरं असेल तेच लिही. टोक होतं तर होतं. कापलं होतंस तर कापलं होतं. आठवत नसेल तर आठवत नाही, एवढंच लिही. मग ते पुन्हा सगळ्या फळ्या उघडतील, पोरीची सही आणखी लांबेल, आणि ती म्हणते, लांबू दे. उत्तर आलं की मी स्वतः नेऊन देणार आहे. दारातच. आत घेत नाहीत.