खुर्चीनं घेतलेलं माप

सोमवार, ३ तारीख

विसरभोळ्या लेकी, ही वही तुझ्यासाठी आहे. मला तुझ्या पोरीकडे सोडून तू दोन महिन्यांसाठी कामावर गेलीस. जाताना चष्मा दिलास, गुडघ्याचं तेल दिलंस, गोळ्यांच्या वेळा एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवल्यास. आईला वाचता येत नाही एवढंच काय ते विसरलीस. पन्नास वर्षं माझी लेक आहेस, हळूहळू लक्षात येईल.

तू परत येईपर्यंत अर्धं तू विसरशील आणि अर्धं मी, म्हणून रोज थोडं सांगायचं ठरवलंय. मी बोलते, पोर लिहिते. आत्ताही ती हसतेय. हसतेस काय, लिही.

घर छान आहे. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात ऊन येतं. माझं शिवणयंत्र खिडकीशी लावून दिलंय. पोर दिवसभर कानाला ते यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकते. कुणाचं धुलाईयंत्र बंद पडलेलं, कुणाचा पंखा. बसते मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, आणि संध्याकाळी उठते ती माझ्यासारखी, कमरेवर हात ठेवून. मी म्हटलं, या घरात एक म्हातारी पुरे.

मंगळवार, ४

खुर्ची आणली! नवी परवडणारी नव्हती, म्हणून बंद पडलेल्या ऑफिसांचं सामान विकणाऱ्याकडे गेलो. लांबलचक गोदाम, खुर्च्यांच्या रांगाच रांगा, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळवलेली. दुकानदार बोलघेवडा. ही खुर्ची पाठीचा कणा ओळखते म्हणाला, कमरेला आधार देते, मान धरते, माणूस बसला की आपोआप त्याच्या अंगासारखी होते. पोर बसली आणि असा सुस्कारा सोडला की पुढचं बोलणंच संपलं.

मी आपली सवयीप्रमाणे हात फिरवून पाहिला. कापड असो नाहीतर माणूस, मला हातानंच कळतं. बैठक डावीकडे जास्त खोल. पाठीची जाळी उजव्या खांद्याशी दोन बोटं खाली ओढलेली. मी म्हटलं, हिच्यावर एकच माणूस वर्षानुवर्षं बसलाय, रुंद पाठीचा, डाव्या कुशीवर रेलणारा. दुकानदार म्हणाला, आजी, खुर्ची घेताय की खुर्चीला कोट शिवताय? पोर खो-खो हसली. परत आणली तर घेणार का, असं मी विचारलं, तर म्हणाला, ती येतेच परत. मी ते बोलणं सोडून दिलं. तेवढं चुकलं माझं.

गुरुवार, ६

पोरीची कंबर दुखायची थांबली. सकाळी बसते ती जेवायलाच उठते. मीही खूश. आज तिच्या शर्टाचं माप घेतलं. टेपवरचे आकडे मला कधी कळले नाहीत, तुला माहीतच आहे. चाळीस वर्षं मी दोऱ्याला गाठी मारून मापं घेतली, आणि अख्ख्या गावात माझ्या हातचा शर्ट कुणाला आखूड झाला नाही. तुझा झाला होता, पण तू मधल्या काळात जाड झाली होतीस.

रविवार, ९

शर्ट बसला नाही.

उजवा खांदा दोन बोटं खाली लोंबतोय, डावीकडे ताणतोय, पाठीला तर पुरतच नाही. पोर म्हणाली, आजी, आता चष्म्याचा नंबर बदलून घे. मी नव्या दोऱ्यानं पुन्हा माप घेतलं. तीन दिवसांत गाठी सरकल्या होत्या. माणूस खाऊन जाड होतं, दुखण्यानं वाळतं, पण खांद्याची हाडं अशी सरकत नाहीत.

ती अंघोळीला गेली तेव्हा नवा दोरा मी खुर्चीच्या पाठीला लावून पाहिला. गाठीला गाठ जुळली.

हे लिहिताना तुझी पोर म्हणतेय, आजी, काहीतरीच. लिही तरीही.

मंगळवार, ११

आज तक्रार करते, आणि तीही हिच्यासमोर, हिच्याच हातानं. पोर गुणगुणत नाही. नऊला बसते, साडेसहाला उठते, मधे पाणीसुद्धा पीत नाही. नऊ ते साडेसहा शिवणयंत्र बंद ठेवा म्हणाली. ठेवा! मला! जन्मल्यापासून मला अगं-तुगं करणारी पोर. मी थट्टेनं विचारलं, का हो साहेब, पगार कापणार का? तर तिनं मान न वळवता सांगितलं की इथे बिनकामाची माणसं ठेवत नाहीत.

लेखणी डाव्या हातात धरलीय. दोन दिवस तशीच धरतेय, माझ्या आज लक्षात आलं. बाळा, तू कधीपासून डावखुरी झालीस? मान वर करत नाही. लिहितेय मात्र.

खुर्ची उत्तम आहे. कोणतीही तक्रार नाही. मुलीची प्रगती समाधानकारक आहे.

गुरुवार, १३

अक्षर बदललेलं दिसेल. खालच्या मजल्यावरची नर्स लिहितेय. पोर वर खुर्चीत आहे, कानाला यंत्र लावून. मी वही पोटाशी धरून जिना उतरले.

नर्स तोंडानं फटकळ, मनानं चांगली. आधी म्हणाली, आजी, पोरीला कामाचा ताण असेल, तुम्ही उगीच भुतं काढू नका. मग मी तिला मागची पानं वाचून दाखवायला लावली. परवाच्या पानाच्या शेवटाशी आली आणि मी तिचा हात धरला. त्या तीन ओळी मी बोललेच नव्हते. खुर्ची उत्तम, तक्रार नाही, प्रगती समाधानकारक. हे कुणाचं बोलणं? माझ्या लेकीला माझ्या नावानं हे कोण सांगतंय?

मग नर्स उठली. वर आली, पोरीची नाडी बघते म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला. खाली येऊन म्हणाली, ही पाठ पोरीची नाही. ही पन्नाशीच्या पुरुषाची पाठ आहे.

तुझा नंबर हवा होता. तो पोरीच्या फोनमध्ये, आणि फोन ती हातातून खाली ठेवत नाही. भिंतीवरच्या तुझ्या कागदावरही होता म्हणे. तो कागद तिनं काल फाडून टाकला.

शुक्रवार, १४

नर्सनं दुकानदाराला गाठलं. तो आज बोलघेवडा नव्हता. म्हणाला, कुठल्याशा ऑफिसातल्या मोठ्या साहेबाची खुर्ची. माणसांवर नजर ठेवायचं काम. निवृत्त करायला निघाले तर उठायला तयार नव्हता, शेवटी त्याला खुर्चीतूनच उचलून नेलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्यानंतर खुर्ची तीनदा विकली, तीनदा परत आली. आणून देणारा प्रत्येक वेळी निराळा, पण तिघांचाही उजवा खांदा उतरलेला, आणि तिघांनीही डाव्या हातानं सही केली. का परत आणता, विचारलं तर एकच उत्तर. हे शरीर टिकत नाही, दुसरं लागेल.

मी कात्री घेतली. पोर न्हाणीघरात होती. पाठीची जाळी वरून खाली फाडायला घेतली, वीतभर फाडली, आणि आतून किंचाळी आली. धावले. पोरीच्या पाठीवर वीतभर लाल चीर.

कात्री खाली ठेवली. तोडायचीही सोय नाही. पोर आत आहे तोवर नाही.

ती बाहेर आली आणि चिरेतून रक्त गळत असताना खुर्चीत जाऊन बसली. नऊ वाजले होते.

शनिवार, १५

आज कळलं.

पोर न्हाणीघरात गेली आणि मी त्या खुर्चीत बसले. रागानं बसले, दुसरं काही नाही. बूड टेकलं आणि पाठीला हात लागले. जाळी नव्हे, हात. माप घेणारे. चाळीस वर्षं मी जसं घेतलं तसं, खांदा, पाठ, कंबर, आणि मग ते हात नापसंतीनं थांबले.

तेवढ्यात दार उघडलं. पोर सरळ उभी. आजी गं, माझ्या पाठीला काय झालंय, मला खूप भूक लागलीय. माझी पोर! आजी गं म्हणाली! मी बसून राहिले. तिनं तुला फोन लावला, तू मंगळवारी पोचतेस म्हणालीस, नर्सही वर आली, तिनं डोळ्यांनी पाहिलं. मग मी पाणी आणायला उठले, मूर्ख म्हातारी, नुसतं पाणी आणायला. मागे वळले तर पोरीचा खांदा उतरत होता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोलकरणीकडे बघतात.

एका वेळी एकच. बसलेला उठला की ते पोरीकडे जातं. ती लांब गेली, दुसऱ्या गावी गेली, तर जाणार नाही, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, दुसरं काही हातात नाही.

तू मंगळवारी येऊन तिला लांब नेशील, तोवर मी बसायचं.

रविवार, १६

बसलेय, काल रात्री पोर उठली तेव्हापासून. नर्स दारात उभी राहून लिहितेय, आत येऊ देत नाही मी तिला. पोर खाली तिच्या घरी, झोपलीय. मान धरत नाही अजून, पण हसली म्हणे.

खुर्चीला मी नको. म्हातारं हाड. सकाळपासून बैठक पुढे कलते, मला सांडायला बघते. चाकं आपोआप फिरतात. एकदा अर्धी खाली आले – काठ धरून राहिले.

मग सुई मागवली. जाड दोरा, पोत्यांचा. अंगावरचे कपडे जाळीला शिवले. पाठीशी, कमरेशी, मांड्यांशी, दुहेरी टाका. हाताला येईल तिथवर मी, मागचे टाके तेवढ्यापुरतं आत येऊन नर्सनं घातले, रडत. तिला म्हटलं, वाकडे घातलेस, उसवावे लागतील. तेवढंच हसली.

आता सांड म्हणावं.

ही पानं नर्स फोननं तुला पाठवतेय. वाच. चिठ्ठी करून भिंतीला लावू नकोस.

रविवार, संध्याकाळ

विचार बदलला त्यानं. सांडत नाही आता. धरतोय.

पाठ सरळ होतेय. वीस वर्षांचं पोक. एक-एक मणका – आवाज येतो – नर्सला ऐकू गेला. हे लिहून झालं की वही माझ्या मांडीवर ठेवून, दार बाहेरून लावून ती खाली जाईल. मीच सांगितलं.

सोमवार, १७

वही मांडीवर. नर्स नाही.

लिहितेय कोण? मी. डावा हात. अक्षरं येतायत – कुणी शिकवली नाहीत मला – सरळ, एकसारखी, ऑफिसातली. सत्तर वर्षं हवी होती आणि आत्ता

मुलीला वर पाठवावे. काम खोळंबले आहे.

हे मी नाही. हे खोडता येत नाही, हात खोडत नाही. पुढचंही त्याचं असेल तर ओळखून घे, मी तुला कधी 'पाठवावे' म्हणाले का जन्मात.

ऐक. पटकन. वर येऊ नकोस. पोरीला खालूनच ने, लांब, तुझ्या कामाच्या गावी. ती पोचली की माणसं आणून हे जाळ. मी आत असले तरी. टाके उसवत बसू नकोस

मुलगी हुशार आहे. मुलीची जागा रिकामी

नाही. चाकांनी दारापर्यंत आलेय, वही फटीतून सरकवते. मी हाक मारीन. तुझ्या लहानपणीच्या नावानं मारीन, भूक लागली म्हणीन, त्याला आता सगळं माहीत आहे – ओ देऊ नकोस. मला काही नको. पोरीला तेवढं जेवण पाठव, आजच, ओळखीच्या गाडीनं. मऊ भात, दूध जास्त घालून. दोन अंडी उकडून, सोलून, तिच्या हाताला जोर नाही. केळी पिकलेली बघ, तू नेहमी कच्ची. आणि सगळं नर्सच्या दारात, खाली, वर डबा घेऊन कुणाला म्हणजे कुणालाच