दात बघणारा

४ मार्च
सहकारी संस्थेने माझ्यावर घोर अन्याय केला आहे, याची इतिहासाने नोंद घ्यावी. पाटोद्याजवळच्या चारा छावणीचा व्यवस्थापक म्हणून मला खोली दिली, पंखा दिला. आरसा मात्र तळहाताएवढा, तोही भिंतीत पक्का. त्यात फक्त तोंड मावतं. भांग पाडायचा तर उठाबशा काढा. बाकी चैन. दुष्काळ गावाला आहे, मला रोज ताजं दूध.

९ मार्च
काम सोपं. चारा कमी, जनावरं लई. म्हणून चेअरमन राधाकिशन अण्णांचा नियम : म्हातारं जनावर घ्यायचं नाही. खालचा ओठ ओढायचा. हिरडी उतरून दाताचं मूळ उघडं दिसलं, की फाटकाबाहेर. आज गावातल्या भिवराबाईची गाय परत पाठवली. म्हातारी म्हणाली, "सायब, दात काहून बघता? डोळं बघा तिचं." मी विचारलं, ही डोळ्यांनी कडबा खाते का? वैरणीवरचा धुळाजी खो खो हसला. बाई गाय घेऊन फाटकाबाहेरच बसलीय. बसू दे.

२८ मार्च
ब्रशला रक्त. हिरड्यांना शिस्त नाही. दुप्पट जोराने घासतो. गार पाण्याने सुळ्यात कळ जाते. भिवराबाईने मिसरी दिली, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. चोळली की बधिर. दुसऱ्या दिवशी तिची डबीच उचलून आणली. परत करीन म्हणालो.

१७ एप्रिल
बीडचा दातांचा डॉक्टर म्हणाला, हे आजचं नाही. वर्षानुवर्षं कीटण साचतं, हिरडी न दुखता मागे सरते. त्यात तुम्ही घासून, मिसरी चोळून तिला हाकलताय. सरलेली हिरडी परत येत नाही. उरलीय ती सांभाळा. मिसरी सोडा म्हणाला. सोडली तर ठणका कोण सोसणार?

६ मे
दात लांब झालेत. मधे फटी. पिवळी मुळं. आरशात दुसरं काही दिसतच नाही. धुळाजी बोलताना माझ्या तोंडाकडेच बघतो. रुमाल धरून बोलतो आता. भाकरी दुधात कुस्करून—

२० मे
गाय मेली. फाटकाबाहेर, दाव्यातच. भिवराबाई रडली नाही. माझ्याकडे बघत होती. डोळ्यांकडे नव्हे—

२२ मे
अण्णा पाहणीला आले. माझा रुमाल काढला. ओठ खाली ओढला. अंगठ्याला कडब्याचा वास. म्हणाले, "ह्याला कुनी आत घेतलं बे?" धुळाजी खो खो— सामान फाटकाबाहेर—

२३ मे
पाटोद्याची गाडी नाही. गायीची खुंटी तशीच, दावंही. मिसरीची डबी विकतच्या पुडीने भरून भिवराबाईच्या मांडीशी ठेवली. फिटलं.

ती उठली. दावं हातात.

म्हणालो, बाई, डोळे बघा माझे— डोळे—

तिचा अंगठा माझ्या ओठा—