आई म्हणाली म्हणजे झालं

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात शेवटचा शब्द अजून तुझाच चालतो, याला काय म्हणावं? माणूस गेलं की त्याची लुगडी वाटून टाकतात, अंथरूण-पांघरूण बाहेर काढतात, पण त्याचं बोलणं कुठं नेऊन टाकायचं ते कुणी सांगत नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी पारनेरला दादाकडं गेले होते. त्याची पोरगी बारावी झाली, मार्क बरे पडले, आणि तिनं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की मला आत्यासारखं जनावरांच्या दवाखान्याचं शिकायचंय, पशुसंवर्धनाच्या पदविकेला फॉर्म भरायचाय. झालं! दादानं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "न्हाई. आईला न्हाई आवडायचं. आईची लई इच्छा हुती, घरात एक तरी खरी नर्स पायजे म्हनून." खरी नर्स! मी समोर बसलेली, निम्मं आयुष्य ह्याच कामात गेलेली, आणि माझा सख्खा भाऊ माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघून बोलत होता. पोरीनं ताटावरून उठून जायचं धाडस केलं नाही, पण तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी ताटात पडायला लागलं. फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

दादाचं काही चुकत नाही म्हणा. हे सगळं तू पेरून ठेवलंयस. मी पदविकेला प्रवेश घेतला तो दिवस आठवतो का तुला? तू चुलीपुढं बसलीयस, तव्यावर भाकरी आहे, आणि मी दारातूनच सांगते की माझं नाव लागलं. तू भाकरी उलटायची विसरतेस. जळका वास सुटतो तरी तुझं लक्ष नाही. "शेनातनं वर काढायला शिकवली," तू म्हणतेस, "तर ही बया पुन्ना शेनातच चालली!" मी समजावते की तिथं इंजेक्शन शिकवतात, मलमपट्टी शिकवतात, ऑपरेशनची हत्यारं उकळून मांडायची कशी ते शिकवतात. तू सगळं ऐकून घेतेस आणि एवढंच म्हणतेस, "म्हंजे नर्सच की." मला वाटलं, चला, समजूत पटली. कसली पटते! दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला गेलीस आणि सगळ्या गावाला सांगून आलीस की माझी पोरगी नगरला नर्सिंगला लागली. जनावरांचं तेवढं गाळून टाकलंस.

त्याचा ताप कुणाला झाला? मला! सुट्टीला घरी यावं तर ओट्यावर बायकांची रांग. कुणाचा पाय सुजलाय, कुणाला चक्कर येते, शेजारची काकू तर गोळ्यांची पिशवीच ओतायची माझ्यापुढं, "बघ गं बाई, ह्यातली कंची सकाळची न कंची रातची." मी म्हणायचे, काकू, सरकारी दवाखान्यात जा. तर ती तुला सांगायची, पोरीला शिक्षणाचा माज आलाय. आणि तू? मूग गिळून शेंगा सोलत बसायचीस. त्या बायकांत एकीनं तरी गायीचं विचारलं असतं ना, तर मी आनंदानं उठून गोठ्यात गेले असते. पण नर्सला गायीचं कोण विचारणार!

आणि तो बघण्याचा कार्यक्रम. मिरजगावची मंडळी, मुलगा कारखान्यात नोकरीला, त्याच्या आईला सून नर्सच पाहिजे होती, कारण तिला शुगर होती. म्हणजे घरात फुकटची नर्स, हा हिशेब. पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि ती बाई प्रेमानं म्हणाली, "पोरी, मला सकाळपासनं कणकण वाटतीय, जरा ताप बघतीस का?" तू मला डोळ्यांनी दाबलंस. मी ऐकायला पाहिजे होतं, पण तोंड कुठं ऐकतंय? म्हटलं, "बघते की. पण मला शेपटी उचलून ताप बघायला शिकवलंय." दादा खोकत बाहेर पळाला. मंडळी पोहे तसेच ठेवून उठली. तू सात-आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आणि बोललीस तेव्हाही काय बोललीस, तर "नको तिथं खरं बोलायची खोड लागलीय तुला." पुढं आमच्या ह्यांनी सगळं हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं, नाहीतर मी बसले असते तुझ्या ओट्यावर गोळ्या निवडत.

तुला कधी वाटलं नाही का गं, की एकदा येऊन बघावं, पोरगी नेमकं करते काय? आम्हाला आधी दोर शिकवला. बैल पाडताना कुठून कसा टाकायचा, की त्यालाही लागणार नाही आणि आपल्यालाही. मग वासराची नाळ. मग कुत्र्याचं ऑपरेशन झालं की भूल उतरेपर्यंत त्याची मान सरळ ठेवून, त्याची जीभ बाहेर ओढून त्याच्यापाशी बसायचं, उठून चहाला जायचं नाही. हे सगळं शिकून परीक्षा दिली, आणि अजून गोठ्यात पाऊल टाकलं की मालक माझ्या मागं बघतो आणि विचारतो, "डॉक्टर कुठंयत?" डॉक्टर मागून येतायत, मालक, तोवर मला गाय बघू द्या! हे एक. आणि दुसरीकडं चार दिवसांचा कसला तरी वर्ग करून, लॅमिनेट केलेला कागद गळ्यात घालून फिरणारा कुणीही पोरगा पिशवीतून सुई काढतो आणि लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात. सुई वाकडी मारून ठेवतो, गळू होतं, आणि ते फोडायला पुन्हा आम्हीच. माणसांच्या नर्सला नर्स तरी म्हणतात. आम्हाला काय म्हणायचं तेच अजून कुणाला ठरवता येत नाही. म्हणून तर मी आता देवळालीकडच्या विद्यालयात प्रात्यक्षिकं घ्यायला जाते. म्हटलं, निदान पुढच्या पोरी तरी नीट शिकून बाहेर पडू देत.

असो. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या मला तुझा शेवटचा दवाखाना आठवला. नगरला तुला ठेवलं होतं. तुझी शीर सापडत नव्हती, सिस्टर बिचारी दोन्ही हात चाचपून दमली होती, आणि मी कामावरच्या कपड्यांतच धावत आलेली. मला बघून तू सिस्टरचा हात झटकलास. "माझी पोरगी नर्स हाय," तू म्हणालीस. "तिला लावू दे." दादा खाली औषधं आणायला गेला होता. सिस्टरनं माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, कुठल्या हॉस्पिटलला असता?" इतकी वर्षं तू गाळलेला शब्द मला तिथं तुझ्यादेखत उच्चारावा लागला. म्हटलं, जनावरांच्या. सिस्टर हसली नाही, भली बाई होती. तिनंच मग पायाची शीर शोधली, मी नुसता तुझा पाय धरून उभी राहिले. तू माझ्याकडं बघितलंस आणि एकच वाक्य बोललीस. मग डोळे मिटलेस. त्यानंतर तू शुद्धीवर आलीच नाहीस.

ते वाक्य दादाला मी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ताटावर त्यानं तुझ्या फोटोकडं बघितलं, पोरीच्या ताटात पाणी पडताना मला दिसलं, आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, "दादा, आई शेवटी काय म्हणाली, ठाऊकय तुला?" त्यानं मान वर केली. मी म्हटलं, "आई म्हणाली, जनावराची नर्स काय वाईट न्हाई. घरात आनखी कुना पोरीला आवडलं, तर तिला आडवू नका." अगदी तुझ्या आवाजात म्हटलं गं. तुझा तो 'न्हाई' ओढून म्हणायचा हेलसुद्धा आला. दादा, एवढा मोठा बाप्या, खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरून रडला. मग नाक पुसून पोरीला म्हणाला, "उद्याच फॉर्म भर. आई म्हणाली म्हणजे झालं."

म्हणजे बघ! मी इतकी वर्षं काम करून दाखवलं, ते गेलं पाण्यात. आणि तू कधी न बोललेल्या एका वाक्यानं घर हललं. चिडू नाही तर काय करू? तू माझ्याबद्दल गावभर खोटं सांगत फिरलीस, मी तुझ्याबद्दल एकदा सांगितलं. फिटंफाट. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुझ्या तोंडून जे ऐकायला मी आयुष्यभर कान टवकारून बसले होते, ते शेवटी मलाच बोलावं लागलं, आणि बोलताना मी दादापेक्षा जास्त मन लावून ऐकत होते.

आज आमच्याच विद्यालयात दादाच्या पोरीचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. पांढरा कोट तिला ढगळ होतो, बाह्या दुमडून आली होती. सगळ्या पोरी गायीपाशी ओळीनं उभ्या राहिल्या, आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "हात धुतलेत का?" बोलले आणि माझेच हात उलटेपालटे करून बघितले. कारण त्या दिवशी दवाखान्यात तू हेच म्हणाली होतीस. माझे हात तुझ्या पायावर बघून, नाक मुरडून, "हात धुतलेस का?" आशीर्वाद नाही, निरोप नाही. हात धुतलेस का! मला इतका राग आला होता की मी उत्तरच दिलं नाही. आणि तू डोळे मिटलेस.

हे पत्र मी आता चुलीत घालणार आहे. दादाच्या हाती लागलं तर पोरीचं शिक्षण बंद पडेल. पण घालायच्या आधी एवढं सांगते. धुतले होते गं, आई. तुझ्याकडं यायचं होतं म्हणून साबण लावून, कोपरापर्यंत धुतले होते.